उबुंटू अपग्रेडनंतर तीन गोष्टी मोडल्या: डिस्ट्रो बदलायचं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ दोन वर्षं सुरळीत चाललं. २४.०४ वर अपग्रेड केल्यावर तीन गोष्टी बिघडल्या. बाहेरचा मॉनिटर जोडला की त्यावरचं चित्र लुकलुकतं (कार्ड एनव्हिडियाचं आहे), ग्नोम या डेस्कटॉपची सगळी एक्स्टेन्शन्स (वरून बसवलेल्या जोडण्या) बंद पडली आणि रोजच्या वापरातलं एक ॲपइमेज (इन्स्टॉल न करता थेट चालणारं, एकाच फाइलचं ॲप) उघडत नाही. म्हणून तुम्ही विचारताय की डिस्ट्रोच (लिनक्सचा तयार संच) बदलून फेडोरा घ्यावं, मिंट घ्यावं, की एखादं रोलिंग डिस्ट्रो (ज्यात ठरावीक आवृत्त्या नसतात, बदल सतत येत राहतात) घेऊन अपग्रेडची कटकट कायमची संपवावी.

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. आज बिघडलेलं दुरुस्त कसं करायचं हा एक, आणि आपल्याला किती वेगाने बदलणारी प्रणाली झेपेल हा दुसरा. पहिल्याचं उत्तर मिळायच्या आधीच दुसऱ्याचा निर्णय घेतला, तर नव्या डिस्ट्रोवर तेच बिघाड पुन्हा भेटतात. तुमचे तिन्ही बिघाड वेगवेगळ्या थरांतले आहेत. एक ग्राफिक्स ड्रायव्हर आणि वेलँडचा (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था), दुसरा ग्नोमचा आणि तिसरा बहुधा उबुंटूच्या स्वतःच्या धोरणाचा. यातला फक्त तिसराच उबुंटूच्या खात्यावर जातो. ग्नोमची आणि ड्रायव्हरची आवृत्ती तीच असती, तर पहिले दोन इतर डिस्ट्रोवरही झाले असते.

सर्वात सोपं आधी. २२.०४ मध्ये ग्नोम ४२ होतं, २४.०४ मध्ये ४६ आहे. मधल्या ग्नोम ४५ ने, म्हणजे सप्टेंबर २०२३ मध्ये, एक्स्टेन्शन्सची जावास्क्रिप्ट मॉड्यूल जोडण्याची पद्धतच बदलली. त्याआधी एखादं एक्स्टेन्शन नव्या आवृत्तीवर चाललं नाही, तर त्याच्या मेटाडेटा फाइलमध्ये नवा आवृत्ती क्रमांक लिहून बऱ्याचदा काम भागायचं. ४५ नंतर ही युक्ती चालत नाही. जुन्या पद्धतीचा कोड लोडच होत नाही. त्यामुळे तुमची एक्स्टेन्शन्स ‘बिघडलेली’ नाहीत, त्यांना लेखकाकडून नवी आवृत्ती लागते. ‘एक्स्टेन्शन मॅनेजर’ हे ॲप टाकलं की त्यातल्या अपग्रेड असिस्टंटमध्ये कोणतं एक्स्टेन्शन कोणत्या ग्नोमवर चालतं ते दिसतं. पुढच्या अपग्रेडच्या आधी ही यादी बघायची, नंतर नाही.

इथे माझं ठाम मत आहे. ग्नोम वापरायचं तर त्याच्या मूळ रूपात किंवा दोन-तीन एक्स्टेन्शन्सच्या मर्यादेत वापरावं. उबुंटूची डॉक आणि ट्रेमधली चिन्हं हीसुद्धा एक्स्टेन्शन्सच आहेत, पण ती डिस्ट्रोबरोबर एकत्र तपासून येतात, म्हणून मोडत नाहीत. टास्कबार, मेनू, खिडक्यांची मांडणी, क्लिपबोर्ड हे सगळंच बदलून घ्यावं लागत असेल, तर ग्नोम तुमच्या सवयीचा डेस्कटॉप नाही. केडीई प्लाझ्मा किंवा सिनॅमन या डेस्कटॉपमध्ये यातलं बहुतेक आधीच असतं, आणि जे मूळ डेस्कटॉपचा भाग आहे ते मूळ प्रकल्प सांभाळतो.

आता ॲपइमेज. ते आधी टर्मिनलमधून चालवा आणि संदेश वाचा, कारण दोन वेगळी कारणं बाहेरून सारखीच दिसतात. डबल-क्लिक केलं तर दोन्ही वेळा काहीच होत नाही.

संदेशात लिबफ्यूज सापडत नाही असं असेल, तर ॲपइमेजला लागणारी जुनी फ्यूज २ लायब्ररी मशीनवर नाही. २२.०४ पासून ती मूळ इन्स्टॉलेशनमध्ये येत नाही. २४.०४ मध्ये तिच्या पॅकेजचं नावही बदललं आणि ते आता ‘लिबफ्यूज२टी६४’ आहे. तेवढंच पॅकेज टाका. नुसतं ‘फ्यूज’ नावाचं पॅकेज टाकू नका. २२.०४ वर त्याने फ्यूज ३ काढून टाकलं आणि त्यावर अवलंबून असलेले डेस्कटॉपचे भागही सोबत गेले, असं अनेकांच्या बाबतीत झालं आहे. ॲप्ट (पॅकेजेस टाकणारी-काढणारी आज्ञा) जेव्हा ‘ही पॅकेजेस काढली जातील’ अशी यादी दाखवतं, तेव्हा ती वाचल्याशिवाय ‘वाय’ दाबायचं नाही, हा नियम इथे उपयोगी पडतो.

संदेशात सँडबॉक्सचा (ॲपला बाकी सिस्टीमपासून वेगळं ठेवणाऱ्या कप्प्याचा) उल्लेख असेल, तर कारण वेगळं आहे. २४.०४ मध्ये सामान्य वापरकर्त्याच्या प्रोग्रॅमने स्वतःसाठी नवा यूजर नेमस्पेस (कर्नलने दिलेली स्वतंत्र, बंदिस्त जागा) उघडण्यावर ॲपआर्मरचं, म्हणजे उबुंटूच्या सुरक्षा यंत्रणेचं, बंधन आलं. क्रोमियम आणि इलेक्ट्रॉनवर बांधलेली ॲप्स आपला सँडबॉक्स नेमकी याच सोयीवर उभा करतात, म्हणून ती सुरू होता होता बंद पडतात. यावर दोन उपाय सगळीकडे सांगितले जातात: ॲपला ‘नो-सँडबॉक्स’ हा पर्याय देणं, किंवा सिस्टीमवरचं बंधनच काढणं. दोन्हींनी ॲप चालतं, पण पहिल्यात त्या ॲपचं स्वतःचं संरक्षण जातं आणि दुसऱ्यात सगळ्या मशीनचं. योग्य उपाय थोडाच लांब आहे. ‘/इटीसी/ॲपआर्मर.डी’ फोल्डरमध्ये त्या ॲपसाठी एक छोटं प्रोफाइल लिहायचं. त्यात फाइलचा पूर्ण मार्ग, ‘अनकन्फाइन्ड’ हा फ्लॅग आणि आत ‘यूजरएनएस’ ही एकच परवानगी, एवढं पुरतं. क्रोमसाठी उबुंटूने स्वतः दिलेलं असंच प्रोफाइल त्याच फोल्डरमध्ये आहे. त्याची प्रत काढून मार्ग बदला आणि ॲपआर्मर पुन्हा लोड करा.

यात एकच गोष्ट हमखास चुकते. ॲपइमेजच्या नावात आवृत्ती क्रमांक असतो, आणि पुढची आवृत्ती उतरवली की मार्ग बदलून प्रोफाइल निरुपयोगी होतं. म्हणून फाइलचं नाव क्रमांकाशिवाय ठेवा आणि एकाच ठरलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. ते ॲप डेब किंवा फ्लॅटपॅक या पॅकेजच्या रूपात मिळत असेल, तर या सगळ्याची बहुधा गरजच नाही आणि अपडेटही बऱ्याचदा आपोआप येतात. मी ॲपइमेज फक्त दुसरा मार्ग नसेल तेव्हाच सुचवतो.

सगळ्यात अवघड भाग मॉनिटरचा. आधी तुम्ही वेलँडवर आहात की एक्स११ वर (वेलँडच्या आधीची व्यवस्था; पुढे येणारं झॉर्ग म्हणजे हीच) ते पाहा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट, मग सिस्टीम डिटेल्स उघडलं की ‘विंडोइंग सिस्टीम’ समोर उत्तर दिसतं. बऱ्याच दोन-कार्डांच्या लॅपटॉपमध्ये एचडीएमआय पोर्ट थेट एनव्हिडियाच्या चिपला जोडलेला असतो आणि आतला पडदा इंटेल किंवा एएमडीच्या चिपवर चालतो. त्यामुळे लॅपटॉपचा पडदा स्वच्छ आणि बाहेरचा लुकलुकता, असं दिसतं. केबल खराब असल्याचा संशय त्यामुळेच येतो. केबल बदलून पाहायला हरकत नाही, पण बहुतेक वेळा दोष तिचा नसतो.

वेलँडवर असाल तर कारण साधारण असं. चित्र काढून पूर्ण झालं आहे की नाही हे ड्रायव्हर आणि डेस्कटॉप यांनी एकमेकांना कळवावं लागतं. इंटेल आणि एएमडीचे ड्रायव्हर हे कर्नलमार्फत (लिनक्सच्या गाभ्यामार्फत) आपसूक करत आले. एनव्हिडियाच्या बंद (म्हणजे सोर्स कोड खुला नसलेल्या) ड्रायव्हरमध्ये ती सोय नव्हती, म्हणून अर्धवट काढलेली किंवा आधीची फ्रेम पडद्यावर यायची, आणि एक्सवेलँडमधून (वेलँडवर एक्स११ ची ॲप्स चालवणाऱ्या पुलातून) चालणाऱ्या जुन्या ॲप्समध्ये ते सर्वात जास्त दिसायचं. यावरचा खरा इलाज, म्हणजे एक्सप्लिसिट सिंक, २०२४ मध्ये आला. पण त्यासाठी तीन गोष्टी एकत्र लागतात: एनव्हिडियाचा ५५५ किंवा पुढचा ड्रायव्हर, एक्सवेलँड २४.१ किंवा पुढचं, आणि ते समजणारा डेस्कटॉप, जसा प्लाझ्मा ६.१. उबुंटू २४.०४ बरोबर एक्सवेलँड २३.२ आलं. म्हणून २४.०४ वर नुसता ड्रायव्हर नवा केला, तरी काही ॲप्स लुकलुकत राहतात, आणि लोक एकामागून एक ड्रायव्हर बदलत बसतात.

तुम्ही लॉगिनच्या पडद्यावर नावावर क्लिक केल्यानंतर कोपऱ्यात दिसणाऱ्या चाकातून ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ निवडा. लुकलुकणं थांबलं, तर निदान पक्कं झालं, आणि २४.०४ असेपर्यंत तिथेच राहणं हा पूर्ण समाधानकारक उपाय आहे. झॉर्गवर गमावाल ते एवढंच: दोन पडद्यांना वेगवेगळं स्केलिंग नीट मिळत नाही आणि टचपॅडचे हावभाव कमी पडतात. मात्र हे कायमचं आश्रयस्थान नाही. उबुंटू २५.१० मध्ये ग्नोमचं झॉर्ग सत्र काढून टाकलं आहे. त्या किंवा त्यापुढच्या आवृत्तीवर जाण्याआधी तुमच्या कार्डाला नव्या मालिकेचा ड्रायव्हर मिळतो का हे तपासावंच लागेल.

झॉर्गवरही लुकलुकत असेल, तर संशय ड्रायव्हरच्या इन्स्टॉलेशनवर. टर्मिनलमध्ये ‘एनव्हिडिया-एसएमआय’ चालवा. ड्रायव्हरशी संपर्क होत नाही असं उत्तर आलं, तर मॉड्यूल लोड झालेलं नाही. त्याचं नेहमीचं कारण सिक्युअर बूट (सही नसलेला कोड बूटच्या वेळी न चालू देणारी सोय): ड्रायव्हर तुमच्या मशीनवर बांधला गेला, पण रीस्टार्टनंतर येणाऱ्या निळ्या पडद्यावर त्याची चावी नोंदवायची राहिली. ‘ॲडिशनल ड्रायव्हर्स’मधून टाकलेल्या ड्रायव्हरसाठी उबुंटू आधीच सही केलेली मॉड्यूल्स देतं, म्हणून तो मार्ग सुरक्षित. एनव्हिडियाच्या साइटवरून ‘.रन’ फाइल उतरवून टाकली असेल, तर ती आधी तिच्याच अनइन्स्टॉल पर्यायाने काढा. ती पॅकेज व्यवस्थेच्या बाहेर फाइली लिहिते, आणि पुढच्या कर्नलबरोबर काळा पडदा येण्याचं ते फार मोठं कारण आहे.

इथपर्यंत केलं, तर आजचे तिन्ही बिघाड डिस्ट्रो न बदलता सुटायला हवेत. आता दुसरा प्रश्न: यापुढे कोणत्या गतीने चालायचं?

हे तीन गोष्टींवर ठरतं. हार्डवेअर किती नवं आहे. सहा महिन्यांनी एकदा अर्धा दिवस मोकळा ठेवून मशीन नीट करण्याची तयारी आहे का. आणि तुमचं काम एखाद्या बाहेरच्या बंद सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे का, जसं व्हीपीएन क्लायंट किंवा स्कॅनरचा ड्रायव्हर. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर चर्चा तिथेच थांबते: उबुंटू एलटीएस (दीर्घ सपोर्टची आवृत्ती, जशी २२.०४ किंवा २४.०४) किंवा तिच्यावरचं मिंट, कारण असे विक्रेते प्रामुख्याने एलटीएसवरच आपलं सॉफ्टवेअर तपासतात.

एलटीएस दर सम वर्षाच्या एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं मूळ सपोर्ट मिळतो. मधल्या सहामाही आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. म्हणजे एकदा सहामाही आवृत्ती घेतली की पुढच्या एलटीएसपर्यंत प्रत्येक पायरी चढावीच लागते. ‘जरा नवं बघू’ म्हणून सहामाहीवर गेलेली मंडळी वर्षभराने सपोर्ट संपलेल्या आवृत्तीवर अडकलेली दिसतात, आणि तिथून बाहेर पडणं दुप्पट त्रासाचं असतं. एलटीएसवरून एलटीएसवर जाण्याची सूचना उबुंटू पहिल्या पॉइंट रिलीजपर्यंत (त्याच आवृत्तीच्या पहिल्या दुरुस्त संचापर्यंत) देत नाही. २४.०४.१ हे २९ ऑगस्ट २०२४ ला आलं, म्हणजे मूळ आवृत्तीनंतर चार महिन्यांनी. ही प्रतीक्षा विचारपूर्वक ठेवलेली आहे. तिला बगल देऊन आधीच उडी मारू नका.

एलटीएसबद्दल एक गोष्ट कमी लोकांना माहीत असते: डेस्कटॉपवर तिचं कर्नल गोठलेलं नसतं. २४.०४ हे ६.८ कर्नलवर आलं, फेब्रुवारी २०२५ च्या २४.०४.२ मध्ये ६.११ आलं, आणि २४.०४.३ मध्ये ६.१४. याला एचडब्ल्यूई कर्नल म्हणतात. नव्या लॅपटॉपचं वाय-फाय किंवा ग्राफिक्स यामुळेच एलटीएसवर चालू लागतं. पण हार्डवेअर जुनं आणि नीट चालणारं असेल, आणि व्हर्च्युअल मशीनचं किंवा वाय-फाय डोंगलचं मॉड्यूल कर्नलबाहेरचं असेल, तर हाच बदल एखाद्या सकाळी काही कारण न दिसता काहीतरी मोडतो. अशा मशीनवर ‘लिनक्स-जेनेरिक’ हे मूळ कर्नलचं पॅकेज टाकायचं, त्यावर बूट करून सगळं तपासायचं आणि मग एचडब्ल्यूईचं पॅकेज काढायचं. सुरक्षा दुरुस्त्या मूळ कर्नललाही पूर्ण पाच वर्षं मिळतात.

फेडोरा दर सहा महिन्यांनी येतं आणि प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते. एक आवृत्ती सोडून पुढच्या आवृत्तीवर जाणं अधिकृतपणे चालतं, म्हणून वर्षातून एकदा अपग्रेड पुरतं. लॅपटॉप वर्षभराच्या आतला असेल आणि ग्राफिक्स इंटेल किंवा एएमडीचं असेल, तर मी फेडोराच सुचवेन, कारण एकाच आवृत्तीतसुद्धा कर्नल आणि मेसा (ग्राफिक्सचे खुले ड्रायव्हर) ताजे राहतात. एनव्हिडियासाठी मात्र तिथे आरपीएम फ्यूजन या बाहेरच्या पॅकेज भांडारातला ड्रायव्हर लागतो, आणि तो प्रत्येक कर्नल अपडेटनंतर तुमच्या मशीनवर नव्याने बांधला जातो. अपडेट संपताच रीस्टार्ट केलं तर बांधणी अर्धवट राहते आणि पुढचं बूट ड्रायव्हरशिवाय होतं. पाच-सात मिनिटं थांबा, ‘मॉडइन्फो’ने एनव्हिडिया मॉड्यूलची आवृत्ती दिसते का पाहा, मगच रीस्टार्ट.

तुमच्यासारख्या मशीनवर मिंट हा चांगला पर्याय आहे. मिंट २२ हे २४.०४ च्याच पायावर उभं आहे, सिनॅमन मुळात एक्स११ वर चालतं, आणि २२.१, २२.२ या पुढच्या आवृत्त्या तोच पाया ठेवतात, म्हणून त्या अपग्रेडला धक्का कमी. डेबियन १३, ऑगस्ट २०२५ मध्ये आलेलं, हेही शांतपणे चालतं. डेबियन १२ पासून फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येत असल्याने वाय-फायसाठी पूर्वीसारखी धावाधाव नाही.

रोलिंगने अपग्रेड संपत नाहीत. दोन वर्षांतून एकदा येणारा मोठा बदल तिथे दर आठवड्याला लहान तुकड्यांत येतो. आर्चवर अपडेटच्या आधी बातम्यांचं पान वाचणं, अर्धवट अपडेट कधीच न करणं आणि मशीन महिनोन् महिने तसंच न ठेवणं ही रोजची शिस्त आहे. ती आवडत असेल तर उत्तम. ग्नोम ४५ चा बदल तिथेही झाला, फक्त तुम्ही न ठरवलेल्या दिवशी झाला. तरीही रोलिंगच हवं असेल तर ओपनसुझे टम्बलवीड घ्या. त्याचं प्रत्येक स्नॅपशॉट ओपनक्यूएच्या स्वयंचलित चाचण्यांतून जातं, आणि बीटीआरएफएस व स्नॅपर (सिस्टीमच्या आधीच्या स्थिती जपणारी जोडी) मुळातच बसवलेले असल्याने अपडेट फसलं तर ग्रब या बूट मेनूतून आधीच्या स्थितीत बूट करता येतं.

पुढचं अपग्रेड, कोणत्याही डिस्ट्रोवर असो, असं करा. आठवडाभर आधी नव्या आवृत्तीचं लाइव्ह यूएसबी बनवा आणि त्यावरून वाय-फाय, आवाज, झोपवून उठवणं, बाहेरचा मॉनिटर आणि व्हिडिओ कॉलमधलं स्क्रीन शेअरिंग तपासा. एनव्हिडियाचा बंद ड्रायव्हर त्यात बहुधा चालू नसतो, म्हणून ग्राफिक्सबद्दल त्यावरून निष्कर्ष काढू नका. मग पीपीए (उबुंटूबाहेरची, वरून जोडलेली पॅकेज भांडारं) बघा. अपग्रेड त्यांना बंद करतं, पण त्यांतून आलेली पॅकेजेस तशीच राहतात आणि बऱ्याचदा अवलंबित्वाचा गुंता तिथूनच सुरू होतो. ‘पीपीए-पर्ज’ने ती मूळ आवृत्तीवर आणा.

होम फोल्डरचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. टाइमशिफ्टवर त्यासाठी विसंबू नका, ते मुळात सिस्टीमच्या फाइली जपतं आणि तुमच्या कागदपत्रांना हात लावत नाही. दोन्ही वेगवेगळे घ्या. रूट विभाजनावर किमान १५ जीबी आणि ‘/बूट’ वेगळं असेल तर त्यात ३०० एमबी मोकळे ठेवा. एनव्हिडियाच्या मशीनवर एकेका कर्नलची बूट प्रतिमा मोठी होते, आणि ‘/बूट’ भरलं की अपग्रेड मध्येच अडकतं. जुनी कर्नल्स ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने जातात. अपग्रेडच्या आधी एक्स्टेन्शन्स बंद करा, नंतर एकेक चालू करा. मधे कॉन्फिगरेशन फाइल ठेवायची की बदलायची असं विचारलं, तर स्वतः हात न लावलेल्या फाइलसाठी नवी घ्या. पायथनची व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट्स नंतर नव्याने बनवावी लागतात. २२.०४ मध्ये पायथन ३.१० होतं, २४.०४ मध्ये ३.१२ आहे, आणि जुनी एन्व्हायर्नमेंट पुढे चालत नाही.

अपग्रेडनंतर डेस्कटॉप विचित्र वागला, तर काहीही काढण्याआधी एक नवा वापरकर्ता बनवून त्यात लॉगिन करा. तिथे सगळं ठीक असेल तर दोष तुमच्या होममधल्या जुन्या सेटिंग्जचा आहे, सिस्टीमचा नाही. दोन मिनिटांची ही तपासणी अनेकांचं पुन्हा इन्स्टॉल करणं वाचवते.

तुमच्यासाठी क्रम असा: आज झॉर्ग सत्र, मग ॲपइमेजचा संदेश वाचून योग्य तो उपाय, मग एक्स्टेन्शन्सची छाटणी. महिनाभर असंच वापरा. तेव्हाही ग्नोमशी जमत नसेल तर मिंट टाका. आणि झॉर्गवरही मॉनिटर लुकलुकत राहिला, तर इथेच चार गोष्टी लिहून कळवा: ‘एनव्हिडिया-एसएमआय’ दाखवतं ती ड्रायव्हर आवृत्ती, चालू कर्नलचा क्रमांक, मॉनिटर एचडीएमआयवर आहे की यूएसबी-सीवर, आणि त्याचा रिफ्रेश रेट.